पुश्किनच्या खुर्चीवरून: रशियन बॅले, संगीत आणि साहित्य यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन कादंबऱ्या मराठी वाचकाला परक्या नाहीत. कित्येक घरांत टॉलस्टॉय आणि चेखव मराठीतून वाचले गेले आहेत. पण आपल्या डोक्यात हे लेखक एका कपाटात असतात, संगीतकार चायकोव्हस्की दुसऱ्या कपाटात, आणि बॅले तर पार शेजारच्या खोलीत. तेव्हाच्या रशियन राजधानीत, पीटर्सबर्गमध्ये, ही सगळी मंडळी एकाच थिएटरात बसत होती, एकमेकांवर खूश होत होती, एकमेकांवर रागावत होती. हे लक्षात आलं की कादंबऱ्याही वेगळ्या वाचल्या जातात आणि नाचही वेगळा दिसतो. वाचणाऱ्या, गाणाऱ्या आणि नाटकवेड्या स्नेह्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

बॅले मुळात रशियन आहे का?

नाही. तो इटलीतल्या दरबारांत जन्मला आणि फ्रान्समध्ये त्याचं व्याकरण ठरलं. म्हणून जगात कुठेही शिका, पावलांची नावं फ्रेंचच असतात: प्लिए, जेते, पिरुएत. रशियात त्याची पहिली शाळा १७३८ साली सम्राज्ञी आन्ना इओआनोव्हनाच्या काळात निघाली. जाँ-बाप्तिस्त लांदे नावाच्या फ्रेंच नृत्यगुरूने हिवाळी राजवाड्यात नोकरवर्गाची बारा मुलं आणि बारा मुली हाताशी घेऊन ती सुरू केली. आजची वागानोवा अकादमी ती हीच.

पुढची दीडशे वर्षं नावं पाहिली तरी परदेशीच दिसतात. नृत्यरचनाकार दिदलो आणि पेतिपा फ्रान्सकडून आले, संगीतकार काव्होस आणि पुन्यी इटलीहून, मिंकुस व्हिएन्नाहून. मग रशियाने स्वतःचं काय घातलं? माझ्या मते दोन गोष्टी: कविता आणि सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. पावलं आयात झाली होती, पण त्या पावलांना सांगण्यासारखं काहीतरी मिळालं ते या दोन दिशांनी. बाकीची सगळी उत्तरं याच धाग्याने बांधलेली आहेत.

पुश्किनचा बॅलेशी काय संबंध? त्याने बॅले लिहिला होता का?

लिहिला नाही, पण पाहिला भरपूर. १८२० मध्ये राजधानीतून हद्दपार होण्याआधी हा तरुण जवळजवळ रोज थिएटरात असायचा. ‘येवगेनी ओनेगिन’ या त्याच्या पद्य-कादंबरीचा पहिला अध्याय १८२५ साली छापला गेला. त्यात थिएटरचं वर्णन आहे. सज्जे झगमगतायत, खाली गर्दी उसळलीय, पडदा सरकतो आणि अप्सरांच्या घोळक्यात नर्तकी आवदोत्या इस्तोमिना उभी दिसते. अर्धी हवेतली, व्हायोलिनच्या जादूच्या गजाला वश झालेली. एक पाऊल जमिनीला टेकलेलं, दुसरं सावकाश वर्तुळ काढतंय. मग एकदम उडी, आणि ती वाऱ्याच्या ओठांवरून सुटलेल्या पिसासारखी जाते.

हे कडवं रशियन शाळकरी मुलांना पाठ असतं. मला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की पुश्किन ‘ती सुंदर नाचली’ असं म्हणून थांबत नाही. पाऊल कुठे टेकलं, कुठलं फिरलं, कमरेचा पीळ कधी घातला नि कधी सोडला, हे तो ओळीच्या लयीतच बसवतो. सुरुवातीला ओळ संथ चालते. उडी आली की शब्द तुटक आणि चपळ होतात. आपल्याकडे कथकचा बोल तोंडाने म्हटला की पाय न हलवताही नाच ऐकू येतो, तसंच काहीसं इथे घडतं. आणि लगेच पुढच्या कडव्यात नायक ओनेगिन जांभई देतो: बॅले फार सोसले, आता दिदलोचाही कंटाळा आला! कवी भारावलेला आणि त्याचा नायक विटलेला. संपूर्ण कादंबरीतला ताण त्या एका जांभईत आहे.

देवाणघेवाण तिथेच उलट्या दिशेनेही सुरू झाली. पुश्किनचं ‘कॉकेशसचा कैदी’ हे काव्य १८२२ साली आलं आणि पुढच्याच वर्षी दिदलोने त्यावर बॅले केला. संगीत काव्होसचं, चेर्केस (कॉकेशसमधल्या एका जमातीच्या) मुलीच्या भूमिकेत इस्तोमिना. पुश्किन तेव्हा दूर किशिन्योवमध्ये हद्दपारीत होता. त्याने भावाला पत्र लिहून विचारलं की तो बॅले कसा आहे ते सविस्तर कळव, आणि त्या चेर्केस मुलीबद्दलही, जिच्यामागे मी एके काळी होतो. आपल्याच ओळी आपल्या आवडत्या नर्तकीच्या अंगावर चढल्या आणि कवीला त्या पाहता आल्या नाहीत. रशियन साहित्य आणि बॅले यांच्या सोयरिकीची ही सुरुवात मला फार लागून राहते.

इस्तोमिनावरून द्वंद्वयुद्ध झालं होतं, ही दंतकथा ना?

दंतकथा नाही. १८१७ साली नाटककार अलेक्सांद्र ग्रिबोयेदोवने प्रयोगानंतर इस्तोमिनाला चहाला नेलं, ते त्याच्या मित्राच्या, काउंट झावादोव्हस्कीच्या घरी. तिचा प्रियकर शेरेमेतेव बिथरला. झावादोव्हस्कीच्या गोळीने तो मेला. ठरल्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या साथीदारांचंही द्वंद्व व्हायचं होतं. ते दुसऱ्या वर्षी तिफ्लिसजवळ (आजचं तिबिलिसी) झालं आणि शेरेमेतेवचा साथीदार याकुबोविच याची गोळी ग्रिबोयेदोवच्या डाव्या हाताला लागली.

तो हात पियानो वाजवणारा होता. रशियन रंगभूमीवरची एक अजरामर विनोदिका लिहिणारा हा माणूस संगीतकारही होता, आणि त्याचे दोन वॉल्ट्झ आजही वाजवले जातात. १८२९ साली तेहरानमध्ये जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला करून त्याला ठार केलं, तेव्हा विद्रूप झालेला मृतदेह ओळखला गेला तो त्याच हाताच्या जुन्या जखमेवरून. नाटक, संगीत आणि बॅले एकाच माणसाच्या आयुष्यात इतके निर्दयपणे गुंतलेले दुसरीकडे सापडणं कठीण.

मग सगळ्याच रशियन लेखकांना बॅले आवडायचा?

मुळीच नाही, आणि हा भाग सहसा गाळला जातो. गोगोलने १८३६ च्या सुमारास पीटर्सबर्गवर लिहिताना बॅले आणि ऑपेरा यांना तिथल्या रंगभूमीचे राजा-राणी म्हटलं. पण तीसेक वर्षांत हवा पालटली. भूदासांची मुक्ती झाली होती, खेडी दारिद्र्यात होती, आणि राजधानीत झारच्या तिजोरीतून पऱ्या नाचत होत्या. १८६६ साली कवी नेक्रासोवने ‘बॅले’ नावाची दीर्घ कविता लिहिली. नर्तकी मारिया पेतिपा मंचावर शेतकऱ्याच्या वेशात नाचते आणि हिरेजडित प्रेक्षागार बेभान होतं. मग कविता थिएटर सोडून बर्फात जाते, जिथे मुलांना सैन्यभरतीला पोचवून खरे शेतकरी रित्या घोडगाड्यांतून परतत असतात. साल्तिकोव-श्चेद्रीननेही त्याच सुमारास बॅलेची टिंगल करणारं लिखाण केलं. हे लेखक नाचाचे वैरी नव्हते. ज्या देशात इतकं बोलायचं बाकी आहे, तिथे ही एक कला गप्प का, असा त्यांचा सवाल होता. तो मला आजही रास्त वाटतो.

आणि टॉलस्टॉय?

टॉलस्टॉयची गोष्ट गुंतागुंतीची आहे. ‘युद्ध आणि शांती’मध्ये नताशा ऑपेराला जाते. तिथे तिला रंगवलेले पुठ्ठे, विचित्र हातवारे करणारी माणसं, आणि उघड्या पायांनी उंच उड्या मारत पाय झपाझप हलवणारा एक पुरुष दिसतो. कंसात लेखक सांगतो की हा द्यूपोर, आणि या कलेसाठी त्याला वर्षाला साठ हजार मिळतात. लुई द्यूपोर खराखुरा नर्तक होता आणि त्या काळात पीटर्सबर्गमध्ये नाचत होता. ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवायच्या टॉलस्टॉयच्या या हातोटीवरच समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने पुढे आपला प्रसिद्ध सिद्धांत उभा केला.

पण त्याच कादंबरीत, त्याच नताशाचा दुसरा नाच आहे. शिकारीहून परतल्यावर काकांच्या घरी गिटार वाजू लागते, आणि फ्रेंच शिक्षिकेच्या हाताखाली वाढलेली ही सरदारकन्या लोकनृत्याचा ठेका असा धरते की घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. टॉलस्टॉयला नाच कळत नव्हता, असं हे पान वाचून कोणी म्हणू शकणार नाही. तिकीट लावून विकलेल्या नाचावर त्याचा विश्वास नव्हता. ‘आन्ना कारेनिना’मध्ये आन्नाचा भाऊ ओब्लोन्स्की मॉस्कोच्या बल्शोय थिएटरात बॅलेच्या तालमीला जातो, तो एका नव्या नर्तकीला पोवळ्यांची माळ द्यायला. बायको-मुलांचं घर विस्कटवून बसलेल्या माणसाची ही सवय टॉलस्टॉय जाताजाता दोन ओळींत सांगतो. ‘कला म्हणजे काय?’ या १८९८ च्या पुस्तकात तर तो बॅलेला सरळ अश्लील ठरवतो.

आता वर्षं जुळवून पाहा. १८७६ च्या डिसेंबरात मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत टॉलस्टॉयसाठी खास संगीताची मैफल झाली. चायकोव्हस्कीच्या पहिल्या क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा) संथ भाग, जो एका लोकगीतावर बांधलेला आहे, ऐकताना टॉलस्टॉय संगीतकाराच्या शेजारी बसून रडला. तेव्हा ‘आन्ना कारेनिना’ मासिकात क्रमशः छापली जात होती, आणि ‘स्वान लेक’चा पहिला प्रयोग अवघ्या तीन महिन्यांवर होता.

चायकोव्हस्कीच्या आधी बॅलेचं संगीत कोण लिहायचं?

पगारी माणसं. शाही थिएटरात ‘बॅले-संगीतकार’ अशी नोकरीच होती. पुन्यीने ती केली, नंतर मिंकुसने. नृत्यरचनाकाराला सोळा बारचा (बार म्हणजे तालाचं एक माप) वॉल्ट्झ हवा, तर सोळा बारचा वॉल्ट्झ मिळे. हलकं, गोड, ठेका स्वच्छ. मिंकुसला कमी लेखू नये, त्याच्या संगीतावर नाचणाऱ्याचं शरीर खुलतं. पण मैफलीत कोणी ते ऐकायला बसत नसे, आणि ‘बॅलेसारखं संगीत’ हे शब्द शिवीसारखे वापरले जात.

चायकोव्हस्कीलाही ते ऐकावे लागले. त्याचा शिष्य तानेयेवने १८७८ साली लिहिलं की चौथ्या सिंफनीत जागोजागी बॅलेची आठवण होते. चायकोव्हस्कीने उत्तरात विचारलं की बॅलेचं संगीत म्हणजे नेमकं काय, आणि ते वाईटच का असावं? ठेका असलेली प्रत्येक आनंदी चाल बॅले ठरवली, तर बेथोव्हेनच्या सिंफनीही वगळाव्या लागतील. हे पत्र मला त्याच्या सर्वांत धीट पत्रांपैकी वाटतं.

‘स्वान लेक’ पहिल्यांदा पडला होता म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं. १८७७ साली मॉस्कोच्या बल्शोयमध्ये राइझिंगरच्या नृत्यरचनेत तो आला. नर्तकांना आणि वाद्यवृंदाला संगीत जड गेलं, समीक्षकांनी नाकं मुरडली. तरी काही वर्षांत त्याचे एकेचाळीस प्रयोग झाले. पडलेल्या बॅलेच्या नशिबी इतके येत नाहीत. त्या काळची रीत एका प्रसंगातून कळते. प्रमुख नर्तकी सोबेश्चान्स्कायाने पेतिपाकडून वेगळा नाच बसवून घेतला आणि त्याला मिंकुसचं संगीत लावलं. चायकोव्हस्कीने हरकत घेतली, पण पावलं बदलायला लावली नाहीत. मिंकुसच्या तुकड्याच्या मापात, बारला बार जुळवून त्याने नवं संगीत लिहून दिलं.

आज जगभर दिसतो तो ‘स्वान लेक’ १८९५ चा, पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरचा, पेतिपा आणि लेव इवानोव यांचा. चायकोव्हस्की दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

पेतिपा चायकोव्हस्कीला माप देऊन संगीत लिहून घ्यायचा, हे ऐकून वाईट वाटतं. प्रतिभेचा हा अपमान नाही का?

मला उलट वाटतं. पेतिपाने ‘नटक्रॅकर’साठी लिहिलेल्या सूचना वाचल्या तर त्यात एका रंगकर्मीची नजर दिसते. नाताळचं झाड वाढत वाढत प्रचंड होतं: अठ्ठेचाळीस बार अद्‌भुत संगीत, चढत जाणारं. साखरपरीच्या नाचात कारंज्याचे थेंब उडताना ऐकू यावेत. चायकोव्हस्कीने हे थेंब शोधून काढले ते पॅरिसमध्ये. १८९१ साली तिथे त्याला सेलेस्टा हे घंट्यांसारखं किणकिणणारं नवं वाद्य दिसलं. त्याने आपल्या प्रकाशकाला ते गुपचूप मागवायला सांगितलं आणि बजावलं की रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोवला पत्ता लागू देऊ नको, नाहीतर ते आधी वापरतील!

आपल्याकडे संगीत नाटकात पदाची जागा, लांबी आणि रस नाटककार ठरवायचा, आणि तरीही त्या चौकटीत गायकाने भिंती पाडल्या. माप असणं ही अडचण नसते. माप देणाऱ्याला काय हवंय ते ठाऊक असावं लागतं, आणि पेतिपाला ते ठाऊक होतं.

साहित्याचा धागा इथेही आहे. ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) फ्रेंच लेखक पेरोच्या परीकथेवरून आली, आणि ‘नटक्रॅकर’ (१८९२) जर्मन लेखक हॉफमानच्या कथेच्या, फ्रेंच लेखक द्युमाने केलेल्या रूपांतरावरून. या दोन्हींमागे शाही थिएटरांचा संचालक व्सेवोलोझ्स्की होता. ‘स्लीपिंग ब्यूटी’ पाहून लहानगी आन्ना पावलोव्हा नर्तकी व्हायचं ठरवून घरी गेली, आणि तरुण चित्रकार बेनुआ पुन्हा पुन्हा ती पाहायला गेला. पुढची पिढी घडली ती त्या एका संध्याकाळीसारख्या संध्याकाळींतून.

‘ला बायादेर’ भारतावर आहे म्हणे. त्यातला भारत कितपत खरा?

जवळजवळ नाहीच. १८७७ मध्ये पीटर्सबर्गला आलेल्या या बॅलेत देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझत्ती आणि एक पुजारी आहेत. संगीत मिंकुसचं, पावलं शुद्ध युरोपीय. पण मागचा धागा सोडण्याजोगा नाही. पेतिपाचा भाऊ ल्युसियँ याने १८५८ साली पॅरिसमध्ये ‘शकुंतला’वर बॅले बसवला होता, तेओफिल गोतिएच्या संहितेवर. त्याच सावलीत ‘बायादेर’ उभा आहे. रशियन वाचकाला कालिदास त्याहूनही जुना माहीत होता. करामझिनने ‘शाकुंतला’तले प्रवेश १७९२ सालीच रशियनमध्ये आणले होते. आणि ‘बायादेर’नंतर तीनच वर्षांनी, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं. पीटर्सबर्गला पुण्याची आणि पुण्याला पीटर्सबर्गची खबर नव्हती, हे उघडच आहे. तरी ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहायला मला आवडतं.

‘बायादेर’ मात्र ‘छायांच्या राज्यासाठी’ पाहा. पांढऱ्या वेशातल्या नर्तकी उतारावरून एकामागून एक, तेच एक पाऊल पुन्हा पुन्हा टाकत खाली येतात. कथा थांबते आणि उरतं ते फक्त संगीत आणि रेषा.

दियागिलेव नेमकं काय करायचा? तो नाचत नव्हता, संगीत लिहीत नव्हता…

माणसं जुळवायचा. त्याची सुरुवात झाली एका मासिकाने, ‘मीर इस्कुस्त्वा’ म्हणजे ‘कलेचं जग’. १८९८ ते १९०४ या काळात त्यात चित्रकार, कवी आणि समीक्षक एकत्र आले. त्याने पुढे १९०९ पासून पॅरिसमध्ये जे ‘बॅले रूस’ नावाने दाखवलं, ते मला त्याच मासिकाचे चालते-नाचते अंक वाटतात. चित्रकार बेनुआ आणि बाक्स्ट तेच, कलांची सीमा पुसायची ओढ तीच.

पहिल्या वर्षी ‘प्रिन्स इगोर’मधली पोलोव्हत्सी नृत्यं होती. संगीत बोरोदिनचं, जो पेशाने रसायनशास्त्रज्ञ होता, आणि कथा प्राचीन रशियन वीरकाव्यातली. १९१० ला ‘शेहेराझाद’ आली. रिम्स्की-कोर्साकोवची वाद्यरचना वापरून तिच्यावर वेगळीच कथा चढवल्याबद्दल त्याच्या विधवेने जाहीर निषेध केला. त्याच वर्षी ‘फायरबर्ड’, लोककथांतल्या अग्निपक्ष्याची गोष्ट, आणि तिच्यासोबत रिम्स्कीचाच शिष्य असलेला इगोर स्ट्राविन्स्की.

‘पेत्रुश्का’ (१९११) माझ्या सर्वांत जवळचा. जत्रेतल्या बाहुल्यांपैकी एकीला जीव असतो आणि ते कोणाला पटत नाही, एवढीच गोष्ट. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या कोणालाही ती लगेच भिडेल. संगीतात पीटर्सबर्गच्या रस्त्यावरची गाणी आहेत, आणि रस्त्यावरच्या पेटीवर ऐकलेली एक फ्रेंच चालही. स्ट्राविन्स्कीला ती लोकगीतच वाटली होती. तिचा कर्ता हयात निघाला आणि त्याला मानधन द्यावं लागलं. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला क्षुद्र कारकून ज्यांनी वाचलाय, त्यांनी पेत्रुश्काकडे पाहावं. दोघांनाही मेल्यावर आवाज फुटतो: एकाचं भूत शहरात कोट ओढत फिरतं, दुसऱ्याचं थिएटरच्या छपरावरून मुठी दाखवतं. ही तुलना माझी आहे. पण पाहताना ती मनातून जात नाही.

‘राइट ऑफ स्प्रिंग’च्या वेळी दंगा का झाला?

२९ मे १९१३, पॅरिस. बॅले रूसचा प्रयोग, संगीत स्ट्राविन्स्कीचं. बासून हे फुंकवाद्य त्याच्या नेहमीच्या सुरांपेक्षा फार वर वाजू लागला तेव्हाच हसणं सुरू झालं, आणि नृत्यरचनाकार निजिन्स्कीने बसवलेल्या आत वळलेल्या पावलांनी कळस केला. कथा प्राचीन स्लाव जमातीतल्या बळी जाणाऱ्या मुलीची. तिची कल्पना स्ट्राविन्स्कीसोबत ज्याने बांधली आणि नेपथ्य-वेशभूषा केली, तो चित्रकार निकोलाय रोरिक पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला राहायला आला आणि १९४७ साली तिथेच वारला. त्या काळी गोरोदेत्स्कीसारखे रशियन कवी जुन्या स्लाव देवतांवर लिहीत होते, आणि स्ट्राविन्स्कीने त्याच्या कवितांना चाली दिल्या होत्या. आदिम रशियाची ही ओढ मंचाआधी कवितेत होती.

सोव्हिएत काळात इतके साहित्यकृतींवरचे बॅले का?

कारण ते सुरक्षित होतं, आणि काही वेळा खरंच सुंदर होतं. कथा हवी, माणसं हवीत, अर्थ सगळ्यांना कळायला हवा, असा आग्रह धरला गेला आणि ‘द्रामबॅले’ जन्मला. पुश्किनच्या ‘बाख्चिसारायचं कारंजं’वरचा संगीतकार आसाफ्येव आणि नृत्यरचनाकार झाखारोव यांचा १९३४ चा बॅले त्यातला गाजलेला. गालिना उलानोवाने त्यात मारिया साकारली.

संगीतकार प्रोकोफिएवच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा पहिला आराखडा सुखांत होता! त्याचं म्हणणं साधं होतं: जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी आडवी पडून नाचू शकत नाहीत. नंतर त्याने शेवट शेक्सपिअरकडे परत नेला. पहिला प्रयोग १९३८ साली चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोत झाला, लेनिनग्राडला १९४० मध्ये. संगीत नर्तकांना इतकं अवघड वाटलं की प्रयोगानंतरच्या जेवणात उलानोवाने शेक्सपिअरच्या शेवटच्या ओळी फिरवून म्हटलं, प्रोकोफिएवच्या बॅले-संगीताहून दुःखद कहाणी जगात नाही. पुढे तीच ज्युलिएट म्हणून १९५६ मध्ये लंडनला गेली आणि प्रेक्षक थक्क झाले.

शोस्ताकोविचने बॅले का सोडला?

या सोव्हिएत संगीतकाराने तीन लिहिले. तिसरा ‘स्वच्छ ओढा’, सामूहिक शेतीवरचा हसरा बॅले, १९३५ चा. १९३६ च्या जानेवारीअखेर ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्राने त्याच्या, लेखक लेस्कोवच्या कथेवरच्या ऑपेराला झोडपलं, आणि ६ फेब्रुवारीला ‘बॅलेतला खोटेपणा’ या मथळ्याखाली या बॅलेला. नृत्यरचनाकार लोपुखोवचं बल्शोयमधलं पद गेलं. संहितेचा एक लेखक आद्रियान पियोत्रोव्हस्की १९३७ मध्ये अटकेनंतर गोळ्या घालून मारला गेला. शोस्ताकोविचने पुन्हा बॅले लिहिला नाही. २००३ साली नृत्यरचनाकार रातमान्स्कीने बल्शोयमध्ये ‘स्वच्छ ओढा’ नव्याने बसवला, आणि ते खेळकर संगीत पुन्हा मंचावर आलं.

कादंबरीतले शब्द काढले तर उरतं काय? पत्र कसं नाचणार?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न. ओनेगिनवर प्रेम करणाऱ्या तात्यानाचं पत्रच घेऊ. ‘ओनेगिन’मध्ये पुश्किन सांगतो की तिने ते फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, आणि मी तुमच्यासाठी रशियनमध्ये उतरवतोय. म्हणजे मूळ पत्र कोणी पाहिलेलंच नाही! १८७९ साली ते चायकोव्हस्कीच्या ऑपेरात गायलं गेलं; ऑपेरा लिहिताना त्याने सुरुवातच या प्रवेशापासून केली होती. १९६५ मध्ये नृत्यरचनाकार जॉन क्रँकोने श्टुटगार्टमध्ये ‘ओनेगिन’चा बॅले केला आणि ऑपेरातलं संगीत पूर्ण बाजूला ठेवलं, श्टोल्झेने चायकोव्हस्कीच्या इतर रचना जुळवून दिल्या. तिथे तात्याना लिहिता लिहिता झोपते आणि आरशातून ओनेगिन बाहेर येतो. तो थंड माणूस नव्हे, तिने कल्पिलेला. पत्रात जे आहे ते ती त्याच्यासोबत नाचते. पुढे तो तिचं पत्र तिच्यासमोर फाडतो, आणि शेवटी ती त्याचं फाडते. कागद फाटण्याच्या या दोन क्षणांत कादंबरीचा सगळा हिशेब पुरा होतो.

संगीतकार रोदिओन शेद्रीनने १९७२ साली बल्शोयसाठी ‘आन्ना कारेनिना’ लिहिला तो नर्तकी पत्नी माया प्लिसेत्स्कायासाठी. ती नाचलीही आणि नृत्यरचनेतही तिचा हात होता. शेद्रीनने त्यात चायकोव्हस्कीच्या त्याच वर्षांतल्या रचनांचे धागे विणले, जेव्हा टॉलस्टॉय कादंबरी लिहीत होता. टॉलस्टॉयला पोवळ्यांच्या माळेपलीकडे ज्या मंचावर काही दिसलं नाही, त्याच मंचावर त्याची आन्ना उभी राहिली. पुढे या जोडप्याने चेखवचा ‘सीगल’ (१९८०) आणि ‘कुत्रा घेऊन फिरणारी बाई’ (१९८५) आणले. चेखवचं मौन बॅलेला सोपं जाईल असं वाटतं, पण मला ते सर्वांत अवघड वाटतं; त्याची माणसं गप्प बसतात ती बोलताबोलता.

कवी आणि नर्तक यांची मैत्री कुठे दिसते?

१९१४ साली पीटर्सबर्गच्या ‘भटका कुत्रा’ नावाच्या तळघरातल्या कॅबरेत तमारा कार्साविना नाचली, आणि कवींनी तिला कवितांचा गुच्छ दिला. त्यात आन्ना आखमातोवाची कविता होती. आखमातोवाने पुढे आपल्या ‘नायकाविना काव्य’वर बॅलेची संहिताही करून पाहिली.

दुसरी जोडी परदेशातली. नर्तक मिखाइल बारिश्निकोव १९७४ मध्ये टोरांटोत सोव्हिएत मंडळीपासून वेगळा झाला. कवी योसेफ ब्रोद्स्की त्याआधी दोन वर्षं देशाबाहेर घालवला गेला होता. न्यूयॉर्कमध्ये दोघांची गाढ मैत्री जमली. ब्रोद्स्कीने त्याच्यासाठी शास्त्रीय बॅलेला सौंदर्याचा किल्ला म्हणणारी कविता लिहिली. ब्रोद्स्की गेला १९९६ साली. २०१५ मध्ये, आपल्या जन्मगावी रीगात, साठी ओलांडलेला बारिश्निकोव एकटा मंचावर उभा राहिला आणि मित्राच्या कविता म्हणू लागला.

महाराष्ट्राशी याचा काही खरा संबंध आहे का?

आहे, आणि तो पावलोव्हाच्या रूपाने आहे. १९२२-२३ च्या दौऱ्यात ती भारतात आली. १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये तिने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रं’ हा बॅले केला. संगीत तरुण रशियन संगीतकार अलेक्सांद्र चेरेपनिनचं. त्याच सुमारास उदय शंकर तिच्यासोबत राधा-कृष्णाच्या नृत्यात कृष्ण झाले. १९२८ मध्ये मुंबईत तिचा प्रयोग रुक्मिणीदेवींनी पाहिला, आणि आपल्या मातीतला नाच शोध हा तिचा सल्ला पुढे त्यांना भरतनाट्यमकडे घेऊन गेला. मुंबईतल्या कथक नर्तकी मॅडम मेनका यांनाही तिने प्रोत्साहन दिलं. मेनकांनी १९३८ साली खंडाळ्याला नृत्यालय काढलं आणि कालिदासाचं ‘मालविकाग्निमित्र’ कथकच्या नृत्यनाट्यात आणलं.

रशियात काही मोठं घडलं की टीव्हीवर ‘स्वान लेक’ का दाखवतात?

१९८० च्या दशकात सोव्हिएत नेते वारले की नेहमीचे कार्यक्रम थांबवून शास्त्रीय संगीत आणि बॅले लावत. १९ ऑगस्ट १९९१ च्या उठावाच्या दिवशी लोकांनी टीव्ही लावला तर हंस नाचत होते. तेव्हापासून त्या चालीला वेगळाच अर्थ चिकटला. मार्च २०२२ मध्ये ‘दोझ्द’ या स्वतंत्र रशियन वाहिनीने प्रक्षेपण थांबवताना शेवटी तोच तुकडा दाखवला, आणि पाहणाऱ्यांना एक शब्दही सांगावा लागला नाही.

मला यातलं काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी ‘येवगेनी ओनेगिन’चा पहिला अध्याय वाचा, मिळेल त्या भाषेत. मग चायकोव्हस्कीच्या ऑपेरातला पत्राचा प्रवेश ऐका, आणि त्यानंतर क्रँकोच्या बॅलेतला आरशाचा प्रवेश पाहा. एकच पत्र तीनदा. ‘स्वान लेक’ त्यानंतर, आणि पहिल्या वेळी फक्त दुसरा अंक, दिवे मालवून.